स्मरणचित्र

चित्रकलेच्या शासकीय परीक्षांत स्मरणचित्र नावाची एक प्रश्नपत्रिका असते. वस्तुचित्राच्या वेळी विद्यार्थ्यासमोर तांब्या, पेला, एखादे फळ आणि मागे सोडलेले कापड अशी मांडणी केलेली असते. समोर पाहावे आणि कागदावर उतरवावे. स्मरणचित्राच्या वेळी मात्र समोर काहीच नसते. प्रश्नपत्रिकेवर जत्रा, पाणवठा, आठवड्याचा बाजार असे दोन-चार विषय दिलेले असतात, पुढे कोरा कागद असतो, आणि बाकी सर्व विद्यार्थ्याने आपल्या मनातून आणावयाचे असते.

आता खुलताबादच्या एखाद्या मुलाने 'जत्रा' हा विषय निवडला आहे असे समजू. पुष्कळ मुले अशा वेळी एक गोल पाळणा काढतात, एक फुगेवाला काढतात, आणि कोपऱ्यात खेळण्यांचे दुकान काढून मोकळी होतात. ही जत्रा मार्गदर्शक पुस्तकातून आलेली असते. ती कोणत्याच गावची नसते. परंतु खुलताबादच्या मुलाने क्षणभर डोळे मिटले, तर त्याला अगदी निराळे काहीतरी दिसू लागेल. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून पायी निघालेली माणसे दौलताबादचा घाट चढून येत आहेत. पहाटेच्या गारव्यात भद्रा मारुतीच्या देवळापुढे रांग लागली आहे. आणि आत, इतर गावी मारुती उभा असतो तसा नव्हे, तर शांतपणे पहुडलेला, शेंदराने माखलेला मारुती आहे. किंवा त्याला जर-जरी-जर-बक्ष यांच्या दर्ग्याचा उरूस आठवेल. गावाच्या जुन्या कोटाच्या वेशी आठवतील. मलिक अंबरच्या थडग्याचा घुमट आणि त्याच्या मागचे मोकळे माळरान आठवेल. १७०७ साली अहमदनगरजवळ वारलेल्या औरंगजेब बादशहाची, त्याच्याच इच्छेप्रमाणे येथे आणून पुरलेली, वर छत नसलेली साधी कबर आठवेल. म्हैसमाळाकडून येणारा पावसाळ्यातील दाट पांढरा ढग आठवेल. त्या ढगात समोरचा माणूसही दिसेनासा होतो.

हे सारे तेथील मुलाला इतके परिचयाचे असते की, त्यात चित्र काढण्यासारखे काही आहे असे त्यास वाटतच नाही. ते वाटू लागते पुढे केव्हातरी. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी तो मुंबईला किंवा पुण्याला जातो, एखाद्या चाळीतील खोलीत राहू लागतो, आणि मग एके दिवशी विनाकारण त्या ढगाचा ओला वास त्याच्या नाकाशी येतो. गाव सोडल्यावाचून गाव दिसत नाही, असे कित्येकांचे झाले आहे. कित्येक थोर चित्रकारांचेही असेच झाले.

१९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी मिळून चित्रकारांचा एक गट स्थापन केला. 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' असे त्याचे नाव. जुन्या ठरीव पद्धतीची चित्रे काढावयाची नाहीत, जगातील नव्या चित्रकलेशी आपले नाते जोडावयाचे, असा या तरुणांचा निर्धार होता. ते मुंबईचे नवे चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. पण त्यांची जन्मगावे पाहिली म्हणजे मौज वाटते. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातील साळगावचे. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. कृष्णाजी आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. मुंबईत ते आरंभी घरकामाची नोकरी करून पोट भरीत. शिल्पकार सदानंद बाक्रे यांचा जन्म बडोद्याचा. सैयद हैदर रझा मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या जंगलातून आलेले, आणि मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म चंद्रभागेच्या काठी, पंढरपुरात झालेला. मुंबईच्या एका खोलीत बसून नव्या जगाच्या गोष्टी बोलणाऱ्या या सहाजणांपैकी प्रत्येकाच्या मनात एक निराळे गाव असणार!

हुसेन यांची गोष्ट आधी पाहू. त्यांचा जन्म १९१५ सालचा. ते दीड वर्षाचे असतानाच त्यांची आई झैनब वारली. दीड वर्षाच्या मुलाला आईचा चेहरा लक्षात राहणे शक्य नव्हते, आणि घरात तिचे एकही छायाचित्र नव्हते. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब इंदूरला जाऊन राहिले. पंढरपूर सुटले. सावत्र आईच्या घरात मुलाला खरा आधार होता तो आजोबांचा. आजोबा पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. ते कंदील बनवीत. नातू त्यांचे बोट धरून हिंडे, त्यांच्याजवळ बसे, त्यांच्या हातांतील काम पाही.

इंदूरला आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी चित्रकार हुसेन यांच्याहून पाच वर्षांनी मोठे होते. त्यांनी या मुलाचे काम पाहिले आणि ते थेट त्याच्या वडिलांना जाऊन भेटले. मुलाला चित्रकार होऊ द्या, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी ते ऐकले. गिरणीत नोकरी करणाऱ्या त्या काळच्या बापाने असा सल्ला मानावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तरुणपणी हुसेन मुंबईत आले आणि चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवू लागले. पुढे ते जगप्रसिद्ध झाले. त्यांनी घोडे काढले, रामायणावर सुमारे दीडशे चित्रे काढली. लहानपणी इंदूरला पाहिलेली रामलीला त्यांच्या मनात ताजी होती. पण त्यांच्या असंख्य चित्रांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे कंदील. १९५६ साली त्यांनी काढलेल्या एका गाजलेल्या चित्रात पाच स्त्रिया आहेत. वर एक दिवा आहे आणि एका स्त्रीच्या हातातील धाग्याला कोळी लोंबत आहे. दिवा आणि कोळी यांचा अर्थ काय, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले. तो अर्थ काहीही असो. आजोबांचा कंदील नातवाने आयुष्यभर विझू दिला नाही, एवढे तर कोणालाही दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा नसलेली स्त्री. तिचे उभे राहणे दिसते, पदर दिसतो, मांडीवर घेतलेले मूल दिसते. ज्या जागी नाक, डोळे, ओठ असावयाचे, ती जागा मात्र त्यांनी मोकळी सोडलेली असते. पंढरपूरच्या बाजूला त्या काळी स्त्रिया नेसत तसे नऊवारी लुगडे नेसलेल्या स्त्रियाही त्यांच्या चित्रांत येतात. पुढे त्यांनी मदर टेरेसा यांच्यावर एक चित्रमालिका केली. तीतही निळ्या काठाचे पांढरे लुगडे आहे, मुलाला सावरणारे हात आहेत, आणि पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार आहे. असे का, या प्रश्नाचे उत्तर हुसेन यांनी स्वतःच दिले होते. आपणास आपल्या आईचा चेहरा आठवत नाही, असे ते सांगत. चित्रकाराला एखादा सुंदर चेहरा कल्पनेने सहज काढता आला असता. हुसेन यांनी तो काढला नाही. जे आठवत नाही ते आठवल्याचे त्यांनी ढोंग केले नाही. ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली, आणि ती रिकामी जागा पाहूनच पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

उत्तर आयुष्यात हुसेन यांच्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले, खटले झाले. २००६ पासून ते परदेशी राहिले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांचे दफनही तिकडेच झाले.

रझा यांचे बालपण याहून निराळे होते. त्यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यात झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. त्यामुळे घर जंगलाच्या कडेला, आणि जवळून नर्मदा वाहणारी. दिवस मावळला की चहूकडे काळोख पसरे. झाडे दिसत नाहीशी होत. फक्त त्यांचे आवाज उरत. त्या रात्रीची रझा यांना भीती वाटे, आणि ओढही वाटे. कधी दूरवर गोंड लोकांचे नृत्य चाले, आणि ढोलाचा आवाज ऐकून आसपास माणसे आहेत असा धीर येई. मग उजाडे. बाजाराच्या दिवशी तर लख्ख उन्हात सारे खेडे रंगांनी फुलून जाई: लुगडी, पागोटी, मिरच्या, मडकी. आणि संध्याकाळ झाली की पुन्हा तोच काळोख. ही भीती आणि ही मोहिनी आपल्या बालपणाची सर्वांत चिवट आठवण आहे, असे रझा यांनी पुढे सांगून ठेवले आहे.

ककैया येथील प्राथमिक शाळेत हा मुलगा शिकत होता. शिकत होता म्हणण्यापेक्षा बसत होता म्हणणे बरे. कारण त्याचे चित्त एका ठिकाणी राहत नसे. पक्षी ओरडला की लक्ष तिकडे, झाड हलले की तिकडे. नंदलाल झारिया नावाचे शिक्षक त्याला शिकवीत. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतले. त्या काळी अशा मुलाच्या वाट्यास छडी येत असे. या गुरुजींनी छडी उचलली नाही. त्यांनी ओटीच्या पांढऱ्या भिंतीवर एक काळा ठिपका काढला आणि मुलाला समोर बसवून सांगितले की, बाकी सारे विसरून या ठिपक्याकडे पाहत राहा.

मुलगा पाहत राहिला. हळूहळू मन निवत गेले. त्या वेळी याहून अधिक काही झाले नाही. मुलगा मोठा झाला. दमोहला शिकला, नागपूरच्या चित्रशाळेत १९३९ पासून १९४३ पर्यंत शिकला, मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत शिकला, आणि १९५० साली फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेला. तेथे त्याने फ्रान्समधील खेड्यांची, चर्चच्या मनोऱ्यांची, झाडांची चित्रे काढली. १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे रझा हे पहिलेच परदेशी चित्रकार होते. तेथेच त्यांनी जानीन मोंजिला या फ्रेंच चित्रकर्तीशी विवाह केला. पैसा, कीर्ती, घर, सारे मिळाले.

तरीही १९७० च्या सुमारास रझा अस्वस्थ झाले. चित्रे चांगली होत होती, विकलीही जात होती. परंतु त्यांत आपण स्वतः कोठे आहोत, हा प्रश्न त्यांना छळू लागला. फ्रान्समध्ये राहून फ्रेंच चित्रकारासारखी चित्रे काढणारे पुष्कळ होते. मंडल्याच्या जंगलातून आलेल्या मुलाने काय काढावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले. राजस्थान, गुजरात, काशी अशी ठिकाणे त्यांनी पाहिली. अजिंठ्याची आणि वेरूळची लेणीही पाहिली. वेरूळ खुलताबादेपासून घाट उतरले की अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. खुलताबादची मुले सहलीला म्हणून जेथे जातात, तेथे हा मोठा चित्रकार आपले हरवलेले काहीतरी शोधावयास आला होता.

आणि मग तो भिंतीवरचा ठिपका परत आला. पन्नासएक वर्षे तो कोठे दडून राहिला होता कोण जाणे! रझा यांच्या चित्रांत एक मोठे काळे वर्तुळ दिसू लागले. त्याला त्यांनी 'बिंदू' असे नाव दिले. बिंदूभोवती तांबडा, पिवळा, निळा, पांढरा असे रंग पट्ट्यापट्ट्यांनी उमटू लागले. काळोख होता तो मंडल्याच्या रात्रीचा, आणि रंग होते ते बाजाराच्या दिवसाचे. या चित्रांत एकही झाड झाडासारखे काढलेले नाही, एकही घर घरासारखे नाही. म्हणून काहीजण म्हणत की, यात गाव कोठे आहे? हा प्रश्न तसा चुकीचा नाही. परंतु लहान मुलाला काळोख कसा दिसतो, हे झाडे आणि घरे हुबेहूब काढून दाखविता येईल काय? रझा यांनी गावाचे रूप दाखविले नाही. गावात असताना जे वाटत होते ते दाखविले. बीज, अंकुर, पृथ्वी, सूर्य हे विषय त्यांनी याच रीतीने रंगविले.

१९८१ साली त्यांनी 'माँ' नावाचे एक भव्य चित्र काढले. त्यातही काळा बिंदू आहे आणि भोवती तापलेल्या मातीचे रंग आहेत. चित्रावर आईला उद्देशून लिहिलेल्या एका हिंदी कवितेची ओळ त्यांनी देवनागरी अक्षरांत रंगविली. पॅरिसमधील त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस ती अक्षरे वाचता येणे शक्य नव्हते. ती कोणासाठी लिहिली होती हे उघड आहे.

गावाची अशी ओढ केवळ आपल्याकडील चित्रकारांनाच असते असे मात्र नाही. मार्क शागाल हे विसाव्या शतकातील एक थोर चित्रकार. त्यांचा जन्म १८८७ साली वितेब्स्क या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आता ते बेलारूस देशात आहे. वडील मासळीच्या व्यापाऱ्याकडे ओझी उचलण्याचे काम करीत. तेविसाव्या वर्षी शागाल पॅरिसला गेले, आणि त्या झगमगत्या शहरात बसून १९११ साली त्यांनी आपल्या गावाचे चित्र काढले. 'मी आणि खेडे' असे त्याचे नाव आहे. त्यात एक हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि एक गाय एकमेकांच्या डोळ्यांत पाहत आहेत. गाईच्या गालावरच एक बाई दुसऱ्या गाईचे दूध काढीत बसली आहे. वर घरांची एक ओळ आहे, आणि त्यांतील काही घरे चक्क उलटी आहेत! प्रथम पाहणाऱ्याला हसू येते. पण आपल्या अगदी लहानपणाच्या आठवणी मनात आणून पाहाव्या. त्यांत काही गोष्टी डोंगराएवढ्या असतात, काही मुंगीएवढ्या. कोणती आधी घडली आणि कोणती नंतर, याचाही मेळ नसतो. शागाल यांनी ती गंमत तशीच ठेवली.

दुसऱ्या महायुद्धात वितेब्स्क जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाले. ज्या लाकडी घरांची चित्रे शागाल काढीत होते, ती घरे जळून गेली, आणि तेथे राहणाऱ्या ज्यू लोकांची हत्या झाली. त्यानंतरही चाळीस वर्षे शागाल तीच घरे, त्याच शेळ्या, तेच छपरावर बसलेले सारंगीवाले काढीत राहिले. १९७३ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते पन्नास वर्षांनंतर त्या देशात गेले. मॉस्को आणि लेनिनग्राड या शहरांत त्यांचा मोठा सत्कार झाला. वितेब्स्क तेथून फारसे दूर नव्हते. पण ते वितेब्स्कला गेले नाहीत.

रझा मात्र परतले. २००२ साली पत्नीचे निधन झाले आणि ते फ्रान्समध्ये एकटे पडले. सुमारे साठ वर्षे परदेशी काढून, नव्वदीकडे झुकलेल्या वयात ते दिल्लीस येऊन राहिले आणि तेथेही रोज चित्रे काढीत. मधल्या काळात ते ककैयाला जाऊन आले होते, नर्मदेला जाऊन आले होते. तेथील भिंतीवरचा ठिपका केव्हाच पुसला गेला असणार.

२३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे एक मागणे होते: आपल्याला मंडल्यात, वडिलांच्या कबरीजवळ ठेवावे. वडील १९४८ साली वारले होते आणि त्यांची कबर मंडल्यातच होती. दुसऱ्या दिवशी रझा यांना तेथे नेण्यात आले. पावसाळ्याचे दिवस होते आणि नर्मदेला पाणी चढलेले होते. वडिलांच्या शेजारची जमीन उकरून त्या ओल्या मातीत त्यांना निजविण्यात आले.